राखणीचा हक्क आणि राखणीचें यंत्र

साताऱ्याच्या मंगळवार पेठेंत आमच्या एका स्नेह्यांचा जुना वाडा आहे. त्याच्या दरवाजाच्या दोन्ही अंगांस भिंतींत चौकोनी भोंकें आहेत. एक हातभर खोल, दुसरें उथळ. खोल भोंकांत सागवानी अडसर सरकवून ठेवलेला असे. रात्रीं तो ओढून समोरच्या भोंकांत बसविला, कीं दार फोडल्यावांचून आंत येण्याची सोय उरत नसे. गेल्या वर्षीं स्नेह्यांच्या पुण्यास राहणाऱ्या चिरंजीवांनीं त्याच खोल भोंकांतून तार नेऊन दरवाजावर कॅमेरा लावला, चौकटीस दार उघडल्याची खबर देणारें एक यंत्र बसविलें, आणि देवडींत हालचाल ओळखणारें तिसरें. तिन्ही यंत्रें वायफायनें एकमेकांशीं आणि पुण्यांतल्या मोबाइलशीं जोडलेलीं आहेत. देवडींतून मांजर गेलें तरी पुण्यास वर्दी पोहोंचते. आम्ही तेथें बसलों असतांनाच एक वर्दी गेली आणि लागलीच चिरंजीवांचा फोन आला. काकूंनीं उत्तर दिलें, "अरे, मीच दूध घ्यायला गेलें होतें!"

सर्वजण हंसले. परंतु घरीं परततांना आमच्या मनांत आलें, कीं काकूंच्या जागीं खरोखरच चोर असता तर पुण्याहून धांवून येणार कोण होतें? वर्दी देणें आणि वर्दीस जबाबदार असणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. आपल्या ह्या मुलखांत राखणीची जी जुनी व्यवस्था होती, तिचा सगळा भर दुसऱ्या गोष्टीवर होता.

प्रथम किल्ल्यांचें पाहूं. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सबनीस व सरनोबत असे बरोबरीच्या अधिकाराचे कामगार असत, असें सभासदाच्या बखरीवरून कळतें. तिघांच्या संमतीवांचून गडाचा कारभार चालूं नये आणि एकट्याच्या फितुरीनें गड शत्रूस जाऊं नये, हा त्यांतला हेतु. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर गडाला एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे. जास्त दरवाजे व चोरदिंड्या कराव्या, नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवाव्या आणि बाकीच्या चिणून टाकाव्या, असा त्यांचा उपदेश आहे. आजच्या यंत्रविशारदांनीं हें प्रकरण एकदां वाचावें. न वापरलेली वाट बंद ठेवणें आणि सर्व किल्ल्या एका मुठींत न देणें, ही दोन सूत्रें ते नव्या भाषेंत पुन्हा शिकवीत आहेत.

अजिंक्यताऱ्यास औरंगजेबानें १६९९ च्या डिसेंबरांत वेढा घातला, तेव्हां गडावर प्रयागजी प्रभु होते. पुढें १७०० च्या एप्रिलांत सुरुंग उडाले. एका स्फोटांत तट बाहेरच्या अंगास कोसळून खुद्द मोंगलांचींच पुष्कळ माणसें गाडलीं गेलीं. तटास खिंडार पडलें, तरी गड हल्ल्यानें गेला नाहीं. मार्चमध्यें राजाराम महाराज सिंहगडावर निधन पावले होते, आणि एप्रिल सरण्यापूर्वीं वाटाघाटी होऊन गड मोंगलांच्या हवालीं झाला. दगडापेक्षां गडावरच्या माणसांची अवस्था निर्णायक ठरली.

सांगलीचा गणेशदुर्ग हें ह्याचें दुसरें उदाहरण. मात्र येथें पारडें उलट बाजूस आहे. चिंतामणराव पटवर्धनांनीं बांधविलेल्या ह्या भुईकोटाचा खंदक व तट बाहेरचा शत्रु आंत येऊं नये म्हणून होता. पुढें त्याच तटाच्या आंत तुरुंग आला. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावरून खंदकांत उड्या टाकल्या आणि भर दिवसा ते निसटले. पाठलागांत वसंतदादांस गोळी लागली व त्यांचे दोन साथीदार कामास आले. तट त्या दिवशींही होता तसाच उभा होता.

आतां गांवांकडे वळूं, कारण आमच्या मतें खरी शिकवण तेथें आहे. सातारा-पुण्याकडील गांवांत राखणीचें काम रामोशी किंवा जागल्या यांच्याकडे वंशपरंपरेनें असे. त्याबद्दल पिकाच्या वेळीं धान्य व इतर हक्क ठरलेले असत. चोरी झाली, कीं चोराचा माग त्यानें काढावयाचा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत शिरला, कीं तो तेथल्या राखणदाराच्या स्वाधीन करावयाचा. मग पुढची जबाबदारी त्या गांवची. माग लागला नाहीं तर गेल्या मालाची भरपाईही अंगावर येई. एलफिन्स्टनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनींही १८१९ च्या सुमारास ह्या पद्धतीची सविस्तर नोंद केली. गांवास गांव जोडून तयार झालेली ही सांखळीच होती म्हणा ना! तिची प्रत्येक कडी जिवंत असे आणि प्रत्येक कडीस जाब विचारतां येई. आम्ही तिला रामराज्य म्हणत नाहीं. राखणदारावर जुलूम होत, आणि भरपाईच्या भयानें निरपराध्यावर माग ढकलला जात नसेल असेंही नाहीं.

पण हक्क बुडाला तेव्हां काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. पुरंदर किल्ल्याच्या राखणीचे रामोशांचे जुने हक्क पेशवाईच्या अखेरच्या काळांत हिरावले गेले आणि इंग्रजी अमलांतही ही झळ कमी झाली नाहीं. त्यांतून उमाजी नाईकांचें बंड उभें राहिलें. एकदां तर सरकारनें त्यांना माफी देऊन राखणीच्याच कामावर नेमलें. पुन्हा बिघाड झाला, आणि १८३२ च्या फेब्रुवारींत त्यांना पुण्यास फांशी देण्यांत आलें. ज्याच्या अंगीं राखण्याचें कसब असतें, त्याला वाट कोठून फुटते तेंही ठाऊक असतें.

ह्याचा प्रत्यय यंत्रांनीं २०१६ सालीं साऱ्या जगास दिला. 'मिराई' नांवाची एक आज्ञावली इंटरनेटवर फिरूं लागली. कारखान्यांतून येतांना कॅमेऱ्यांस व चित्रीकरण सांठविणाऱ्या पेट्यांस जो ठराविक परवलीचा शब्द दिलेला असतो, तो पुष्कळ लोक कधींच बदलीत नाहींत. अशा साठ-एक शब्दांची यादी घेऊन ती दारोदार प्रयत्न करी व जेथें दार उघडे तेथें ठाण मांडी. त्या वर्षीं २१ ऑक्टोबरला अशाच बळकावलेल्या यंत्रांनीं 'डिन' ह्या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळीं मागण्यांचा मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं मोठीं संकेतस्थळें कांहीं तास पुष्कळांस अप्राप्य झालीं. दारावर बसविलेले राखणदारच दरोड्यांत सामील झाले! उपमा पुरती जुळत नाहीं, हें आम्ही जाणतों. उमाजींस गाऱ्हाणें होतें. कॅमेऱ्यास कसलेंच नसतें, तो हुकूम देईल त्याचा. म्हणूनच तो अधिक भयंकर.

भारत सरकारनें २०२४ सालीं सी.सी.टी.व्ही. कॅमेऱ्यांस सुरक्षिततेच्या कसोट्या सक्तीच्या करणारा आदेश काढला व २०२५ च्या एप्रिलपासून तो अमलांत आला. पाऊल योग्यच आहे. पण भिंतींवर आधींच चढलेल्या कॅमेऱ्यांचें काय? विकणारा कांहीं वर्षांनीं त्यांच्यांतील आज्ञावली दुरुस्त करणें सोडून देतो, आणि मग तो राखणदार बिनधन्याचा होतो.

शिवाय हीं यंत्रें विजेवर जगतात. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हां शहराच्या मोठ्या भागांत घरें सोडून जावें लागलें व वीजही बंद पडली. घर रिकामें आणि डोळा मिटलेला, हीं दोन्ही एकदमच घडलीं. अशा वेळीं गच्चीवर राहिलेला शेजारी हाच काय तो पहारेकरी.

मंगळवार पेठेंतील स्नेह्यांस आम्हीं हें सारें सांगितलें. पाहतों तों कॅमेऱ्याचा परवलीचा शब्द कारखान्यांतून आला तोच होता. तो त्यांनीं आमच्यादेखत बदलला. वर्दी आतां पुण्याबरोबरच समोरच्या वाड्यांतल्या गृहस्थांच्या मोबाइलवरही जाते, आणि ते काठी घेऊन येण्यास कबूल झाले आहेत. राहिला अडसर. भोंकांतून तार गेल्यामुळें तो आंत सरकत नाहीं आणि वर्षभर न्हाणीघरामागें उभा आहे. तार दुसरीकडून न्यावी, असा काकूंचा हुकूम आहे. वायरमन अजून आलेला नाहीं.