निवडसूची, सुगम

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील एका ओळीची चौकट उघडली असता तिच्याखाली नावांची यादी उलगडते आणि तीतून एक नाव निवडता येते. या यादीस निवडसूची म्हणतात. व्यवहारात ड्रॉपडाऊन हे नाव रूढ आहे. माउस न वापरता केवळ कळफलकाने, तसेच पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणाऱ्या स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने दृष्टिहीनांनाही जी वापरता येते, ती सुगम निवडसूची होय.

रत्नागिरी जिल्ह्यातील सामान्य जमीनधारकाचा हिच्याशी संबंध मुख्यतः सातबारा उताऱ्यामुळे येतो. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर उतारा पाहण्यासाठी जिल्हा, तालुका व गाव यांची क्रमाने निवड करावी लागते. आधी रत्नागिरी जिल्हा, तेथून मंडणगड ते राजापूर या नऊ तालुक्यांपैकी एक आणि मग गाव, असा हा प्रवास आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळू लागल्याने मुंबईतील चाकरमान्याची तलाठी कार्यालयाची खेप पुष्कळदा वाचते. कोकणात एकाच उताऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे असणे ही नित्याची गोष्ट आहे. दृष्टिहीन हिस्सेदाराला गावाची यादी स्वतः उघडता आली नाही, तर त्याला दुसऱ्याकडून उतारा वाचून घ्यावा लागतो, आणि तो दुसरा त्याच जमिनीचा हिस्सेदार असू शकतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

खाली उलगडणाऱ्या याद्या ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे लोकांच्या परिचयाच्या झाल्या. वेबपृष्ठांच्या एचटीएमएल या भाषेच्या नोव्हेंबर १९९५ मधील दुसऱ्या आवृत्तीत ‘सिलेक्ट’ हा घटक प्रमाणित झाला. तो ब्राउझर स्वतः रेखाटतो, हा त्याचा मोठा गुण. बाणाच्या कळांनी वरखाली जाणे, आद्याक्षर टंकून नावावर पोहोचणे, एस्केप कळीने यादी मिटविणे या सोयी पृष्ठ रचणाऱ्याने काही न करता मिळतात. डिसेंबर १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत चौकटीला तिचे नाव जोडणारा ‘लेबल’ हा घटकही आला. त्यामुळे ‘तालुका’ हा शब्द चौकटीशेजारी नुसता दिसत न राहता स्क्रीन रीडरकडून उच्चारला जाऊ लागला.

तथापि या घटकाचे रंगरूप बदलणे जवळजवळ अशक्य होते. संकेतस्थळांच्या सजावटीस महत्त्व येताच रचनाकारांनी तो टाकून साध्या चौकटी एकमेकींत गुंफून कृत्रिम निवडसूच्या बनविल्या. त्या दिसावयास सुबक होत्या. परंतु कळफलकाने त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नसे आणि स्क्रीन रीडरला तेथे सूची आहे हेच कळत नसे. ही हानी डोळस रचनाकाराच्या लक्षात येण्यासारखी नव्हती, म्हणूनच ती फार पसरली.

यावर उपाय म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने ‘वाय-एरिया’ हे विनिर्देश तयार केले. त्यांची पहिली आवृत्ती २० मार्च २०१४ रोजी मान्य झाली. घटकाचे नाव, त्याचा प्रकार आणि तो उघडा आहे की मिटलेला, ही माहिती त्यांनुसार खुणांच्या रूपाने पृष्ठात देता येते. चौकट व यादी यांची सांगड कशी घालावी याविषयी मात्र खुद्द विनिर्देशकारांचीही चाचपडच झाली. २०१७ च्या आवृत्तीत आणलेली मांडणी २०२३ च्या आवृत्तीत सोडून द्यावी लागली. शिवाय खुणा केवळ वर्णन करतात. कळ दाबल्यावर काय व्हावे हे रचनाकारालाच लिहावे लागते. मुळातील सिलेक्ट घटक जेथे चालतो तेथे तोच वापरावा, हा जाणकारांचा सल्ला याच अनुभवातून आला.

परस्परावलंबी सूच्यांत आणखी एक अडचण संभवते. मिटलेल्या सूचीवर बाणाची कळ दाबली असता काही ब्राउझरांत प्रत्येक दाबासरशी निवड बदलते. अशा वेळी पृष्ठ तत्काळ नव्याने भरले जात असेल, तर ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत उतरू पाहणारा वाचक मधल्या प्रत्येक जिल्ह्यापाशी अडखळतो. डिसेंबर २००८ च्या वेब सुगमता मार्गदर्शक तत्त्वांनुसार, केवळ निवड बदलल्याने पूर्वसूचनेशिवाय संदर्भ पालटता कामा नये.

मराठी सूचीचे प्रश्न काहीसे वेगळे आहेत. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूण नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरी नावे चुकीची उच्चारतो किंवा गाळतो. आद्याक्षराने शोधण्यासाठी कळफलकही देवनागरीत न्यावा लागतो. युनिकोडच्या संकेतक्रमाने यादी लावल्यास ‘क्ष’ने सुरू होणारी नावे ‘क’मध्ये जातात, मराठी वर्णक्रमात ती शेवटी अपेक्षित असतात. संगमेश्वर तालुक्यातील आंबेड बुद्रुक व आंबेड खुर्द यांसारखी जोडनावे ‘बु.’ आणि ‘खु.’ अशी संक्षेपाने दिली, तर ऐकणाऱ्याला त्यांतील भेद चटकन उमगत नाही. डोळ्यांना हा संक्षेप सोयीचा वाटतो, कानाला नाही.

स्क्रीन रीडर दीर्घकाळ महाग होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए ही विनामूल्य आज्ञावली रचण्यास प्रारंभ केला व हा अडसर बराच दूर झाला. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगमतेस कायद्याचे अधिष्ठान दिले. परंतु त्याखालील २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाचे स्वरूप शिफारशीचेच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिनियमाशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निर्णयात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. त्याच वर्षी क्रोम ब्राउझरमध्ये मूळ सिलेक्ट घटकाला हवे ते रूप देण्याची सोय झाली.