बॅसीची बुरशी आणि धानाची बांधी

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीच्या आसपास ढीवर समाजातील कुटुंबे ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. जंगलाला लागूनच धानाच्या बांध्या असतात. धानावर तुडतुडे आले की फवारणीचे पंप बाहेर निघतात. तुडतुड्यांसाठी मेटारायझियम या बुरशीचीही शिफारस केली जाते. मग शेतकरी विचारतो, की ही बुरशी आणि रासायनिक औषध एकाच पंपात चालेल का?

किडे मारणाऱ्या बुरशीचा शोध मुळात रेशीमकिड्यांमुळेच लागला. इटलीत लोदीजवळ रेशीमकिडे मरून चुन्यासारखे पांढरे व टणक होत. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या आणि अधू दृष्टीच्या अगोस्तिनो बॅसीने १८०७ पासून या रोगाचा पिच्छा पुरवला. मेलेल्या किड्यावरची सजीव बुरशी निरोगी किड्याला रोग देते, हे त्याने १८३५ मध्ये जाहीर केले. तेव्हा पाश्चर अवघा बारा वर्षांचा होता! या बुरशीला आज ब्यूव्हेरिया बॅसियाना म्हणतात.

रेशीम उत्पादकाचा हा शत्रू शेतकऱ्याचा मित्र होऊ शकेल, ही कल्पना पुढे रशियन साम्राज्यात रुजली. १८७९ मध्ये मेचनिकॉफने ओडेसा येथे गव्हावरील भुंगेऱ्यांवर मेटारायझियमचे प्रयोग केले. १८८४ मध्ये क्रासिलश्चिकने स्मेला येथे बीटवरील सोंड्यांसाठी या बुरशीचे बीजाणू चक्क किलोंच्या हिशेबाने तयार केले.

मग डीडीटी आले. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये म्युलरने ओळखला. डीडीटीने किडे लवकर मरत. बुरशीला मात्र हवेत ओलावा लागतो आणि किडा मरायला कित्येक दिवस जातात. स्पर्धा विषम होती. पण किडे रसायनांना दाद देईनासे झाले, तशी बुरशीची पुन्हा आठवण झाली. सोव्हिएत संशोधकांनी तर दोघांची सांगड घातली. बटाट्यावरील कोलोराडो भुंगेऱ्यांवर त्यांनी ब्यूव्हेरियापासून केलेले 'बोव्हेरिन' आणि कीटकनाशकाची कमी मात्रा एकत्र वापरून पाहिली. विषाने अर्धमेला झालेला किडा बुरशीला लवकर बळी पडतो, हे त्यामागचे तत्त्व.

पण ते विष बुरशीलाच मारणार नाही का? अनेक कीटकनाशके मज्जासंस्थेवर घाव घालतात आणि बुरशीला मज्जासंस्थाच नाही. तरीही प्रयोगशाळेत काही औषधे तिला बाधतात. पेट्री बशीतील आगरमध्ये औषध मिसळून मधोमध बुरशी ठेवतात आणि वसाहतीचा व्यास मोजतात. अशा चाचण्यांत क्लोरपायरिफॉस बहुधा घातक ठरले आहे, इमिडाक्लोप्रिड बरेच सौम्य. पुष्कळदा दोष मूळ विषापेक्षा औषधातील द्रावक व पायसीकारक पदार्थांचा असतो. म्हणून एकाच औषधाच्या दोन बनावटींचा परिणाम वेगळा दिसू शकतो. बुरशीनाशक तर सर्वांत धोक्याचे. करप्यासाठी ते फवारले आणि लगेच मित्रबुरशी सोडली, तर पैसे पाण्यात जाण्याची भीती अधिक.

बशीतला निष्कर्ष जसाच्या तसा बांधीत नेणेही बरे नव्हे. बशीत बुरशी दिवसेंदिवस विषात बुडून असते. पानावर थेंब वाळतो, पाऊस तो धुऊन नेतो. शिवाय व्यासावरून फक्त वाढ कळते, बीजाणू रुजतील की नाही ते कळत नाही. आणि किड्याचे वागणे बशीत दिसतच नाही. वाळवी एकमेकींचे अंग चाटून बीजाणू काढून टाकते. अत्यल्प इमिडाक्लोप्रिड दिलेल्या वाळवीत ही सफाई मंदावते आणि ब्यूव्हेरियाचे फावते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

त्यामुळे पंपात दोन्ही एकत्र करण्यापेक्षा मध्ये काही दिवस जाऊ देणे आणि बुरशी संध्याकाळी, ओलाव्यात फवारणे अधिक सुरक्षित. कडक ऊन बीजाणूंना सोसत नाही.

आरमोरीच्या बाजूला मात्र आणखी एक हिशेब आहे. तुतीच्या रेशीमकिड्यांजवळ ब्यूव्हेरिया फवारू नये, असा सल्ला देतात. टसरचे किडे तर घरात नसून उघड्यावर, झाडाच्या फांदीवर असतात. बांधीवरचा वारा ऐनाकडे वाहत असेल, तर त्याबरोबर कीटकनाशकाचे तुषार जातील, तसेच बुरशीचे बीजाणूही.