पेशीच्या केंद्रकाचें मोजमाप

ऐरोलीच्या खाडीकाठीं हिवाळ्यांतील एखादी संध्याकाळ ज्यांनीं घालविली असेल, त्यांना रोहित पक्ष्यांचे थवे परिचित असतील. दुरून पाहतां पाण्याच्या कडेला एक फिकट गुलाबी पट्टा तेवढा दिसतो. दुर्बीण लावली म्हणजे पट्ट्याचे ठिपके होतात आणि ठिपक्यांचे पक्षी. परंतु थवा कोठें दाट आहे आणि कोठें विरळ, हें दुर्बिणीवांचूनही सांगतां येतें. पेशीच्या केंद्रकाचा अभ्यास करणारांची स्थिति बरीचशी अशीच आहे. ज्या सूत्रावर आनुवंशिकतेचा सगळा मजकूर लिहिलेला आहे, तें सूत्र साध्या सूक्ष्मदर्शकांतून त्यांना दिसत नाहीं. त्याची दाटी मात्र दिसते. ही दाटी मोजण्याची विद्या कशी वाढली, आणि आपल्याकडील रुग्णांशीं तिचा संबंध काय, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

या इतिहासाचा आरंभ कापड रंगविण्याच्या धंद्यापासून होतो. त्या धंद्यासाठीं डांबरापासून काढलेले नवे रंग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शास्त्रज्ञांच्या हातीं आले. जर्मनींतील कील येथें वाल्टर फ्लेमिंग यांनीं ते सॅलॅमँडरच्या पेशींवर वापरून पाहिले, तेव्हां केंद्रकांतील एक द्रव्य रंग विशेष शोषून घेतें असें त्यांस आढळलें. रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनीं त्याला क्रोमॅटिन हें नांव दिलें, आणि पेशीविभाजनाची आपली हकीकत १८८२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें १९२४ सालीं रॉबर्ट फॉयल्गेन यांनीं डीएनए तेवढेंच किरमिजी रंगविणारी रीति शोधून काढली. १९२८ सालीं एमिल हाइट्झ यांनीं शेवाळवर्गीय वनस्पतींत असें दाखविलें कीं, विभाजन संपल्यावर क्रोमॅटिनचा कांहीं भाग सैल होतो, तर कांहीं दाटच राहतो. दाट भाग बहुधा निद्रिस्त असतो व सैल भागांतील जनुकें कामाला लागलेलीं असतात, हें हळूहळू स्पष्ट झालें. दाटी ही अशा रीतीनें पेशीच्या वर्तनाची खूण ठरली.

माणसाच्या एका पेशींतील डीएनएची लांबी सुमारें २ मीटर भरते, आणि तें ज्या केंद्रकांत सामावतें त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहून बहुधा अधिक नसतो. एर्न्स्ट आबे यांनीं १८७३ सालींच दाखवून दिलें होतें कीं, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारें निम्म्याहून कमी अंतरावरचे दोन बिंदु सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवितां येत नाहींत. ही मर्यादा ओलांडणाऱ्या युक्त्यांना २०१४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि रुग्णालयांतील रोजचा सूक्ष्मदर्शक अद्यापि आबे यांच्याच मर्यादेंत आहे.

आपल्याकडे या दृष्टीची खरी कसोटी कर्करोगाच्या निदानांत लागली. परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, त्याचे पहिले संचालकही तेच. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं तेथें पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टीवर काय पाहतो? केंद्रक वाजवीपेक्षां मोठें आहे काय, त्याची कडा वेडीवांकडी आहे काय, क्रोमॅटिनचे गोळे भरड व विषम आहेत काय, हेंच. हा निर्णय वर्षानुवर्षांच्या सरावाचा असतो. पण दोन जाणत्यांचीं मतें नेहमींच जुळतात असें नाहीं, आणि त्या मतावर एखाद्या घरच्या आईचें पुढील आयुष्य अवलंबून असतें.

हा मतभेद आंकड्यांनीं मिटवावा ही इच्छा स्वाभाविक होती. १९६६ सालीं अमेरिकेंत ज्युडिथ प्रुइट व मॉर्टिमर मेंडेलसोन यांनीं श्वेत रक्तपेशींचीं चित्रें आंकड्यांत उतरवून संगणकाकडून त्यांचे प्रकार ओळखविले. १९७३ सालीं रॉबर्ट हॅरलिक व त्यांचे सहकारी यांनीं चित्राचा पोत मोजण्याचीं गणिती परिमाणें मांडलीं. १९९७ सालीं वेन रॅसबँड यांची ‘इमेजजे’ ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध झाली आणि हें काम साध्या महाविद्यालयाच्याही आवाक्यांत आलें. कृति समजण्यास सोपी आहे. चित्राच्या हजारों बारीक चौकटी पाडावयाच्या. प्रत्येकीस काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ यांतील एक आंकडा द्यावयाचा. केंद्रकाची सीमा आंखावयाची. आणि ठराविक आंकड्याखालील चौकटी दाट मानून त्यांचें क्षेत्र मोजावयाचें.

परंतु हा ‘ठराविक’ आंकडा ठरवितो कोण? आम्हीं एकदां कांद्याच्या मुळाच्या टोंकाची एकच काचपट्टी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना दिली. उत्तरें दोन आलीं. एका तुकडीनें दिव्याचा उजेड वाढविला होता, तर दुसरीनें मर्यादेचा आंकडा डोळ्यांना बरा दिसेल असा घेतला होता. मुलें खजील झालीं. पण चूक आमची होती, कारण उजेड व मर्यादा टिपून ठेवा असें आम्हींच सांगितलें नव्हतें. डोळा दूर झाला असें आम्ही समजत होतों. तो त्या एका आंकड्यांत लपून बसला होता.

परळच्या त्या केंद्राचें कार्य २००२ सालापासून आमच्या नवी मुंबईंतच, खारघर येथें चालतें, आणि क्रोमॅटिनवरही तेथें संशोधन होतें. पुढेंमागें आपल्या घरच्या रुग्णाच्या अहवालावर केंद्रकाच्या दाटीचा एखादा आंकडा छापून येईल. त्याला भिऊं नये, तसेंच त्यापुढें मान तुकवूंही नये. काचपट्टी किती वेळ रंगविली, उजेड किती होता आणि मर्यादा कोणती धरली, हें ज्याच्याबरोबर लिहिलेलें असेल तो आंकडा पुन्हां तपासतां येतो. ज्याच्याबरोबर तें नसेल, तें एका माणसाचें मतच होय. आणि मत देणाऱ्याचें नांवही त्यावर नसतें. आमच्या विद्यार्थ्यांच्या वहींत आतां पहिली ओळ उजेडाची असते.