पिक्सेल घनता आणि वारली रेषा

हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलच्या पडद्यावर आडव्या आणि उभ्या ओळींत किती ठिपके आहेत, ते त्या पडद्याचे रिझोल्यूशन. असे किती ठिपके एका इंचात बसवले आहेत, ती त्याची पिक्सेल घनता. चित्रात किती तपशील मावेल हे पहिल्यावरून ठरते, आणि डोळ्याला ठिपके दिसतील की सलग रेषा, हे दुसऱ्यावरून. घनता काढण्यासाठी पडद्याच्या कर्णावरचे पिक्सेल कर्णाच्या इंचांनी भागतात. निन्टेन्डो स्विचचा (२०१७) पडदा १२८०×७२० पिक्सेलचा आणि ६.२ इंचांचा आहे, म्हणून त्याची घनता सुमारे २३७ येते. स्विच लाइटमध्ये तेवढेच पिक्सेल ५.५ इंचांत असल्याने ती २६७ होते, तर ७ इंचांच्या ओलेड स्विचमध्ये २१० वर उतरते. तिन्ही यंत्रांचे रिझोल्यूशन एकच आहे, तरी बारीक रेघ तिन्हींवर वेगवेगळी दिसते.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत लिंपलेल्या भिंतीवर काढले जाणारे वारली चित्र या दोन गुणांची कडक परीक्षा घेते. छायाचित्रात किंवा त्रिमितीय दृश्यात रंगांच्या छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे विरळ पिक्सेल त्यांच्या आड लपून जातात. वारली चित्रात छटा नसते. गेरूच्या किंवा शेणामातीच्या गडद पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी चावून केलेला कुंचला, आणि त्रिकोण, वर्तुळ, रेघ एवढेच आकार. रेघ तुटली की चित्र तुटते. म्हणून कन्सोलच्या पडद्याची प्रत त्याच्या जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा अशा एका चित्रावरून लवकर कळते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

या परीक्षेची सुरुवात निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या गेम बॉयपासून करता येते. त्याच्या सुमारे अडीच इंचांच्या पडद्यावर १६०×१४४ म्हणजे एकूण २३,०४० पिक्सेल होते आणि छटा फक्त चार. हे यंत्र चित्र आठ पिक्सेल लांब-रुंद चौकटी जोडून उभे करी, आणि पूर्ण पडद्यावर अशा ३६० चौकटी मावत. वारली माणूस एका चौकटीत बसवू पाहिला तर डोक्याला दोन, धडाला चार आणि पायांना दोन पिक्सेल उरतात. धडाचे दोन त्रिकोण कमरेशी टोकाला टोक लावून भेटतात, ही त्या आकृतीची जान. पण टोक एका पिक्सेलचे आणि बरोबर मध्यावर हवे असेल, तर त्रिकोणाचा पाया विषम पिक्सेलांचाच असावा लागतो. चार पिक्सेल रुंदीच्या धडाला कंबरच मिळत नाही, पाच पिक्सेल दिले की मिळते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावर होणाऱ्या नाचात हातात हात गुंफलेल्या माणसांचा वेढा काढायचा तर हातांची गुंफण दाखवायलाही जागा लागते. ती एवढ्या लहान आकृतीत मिळत नाही, म्हणून इथे माणसे कमी करून मोठी काढणे हाच मार्ग.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या (२००१) २.९ इंचांच्या पडद्यावर २४०×१६० पिक्सेल होते. घनता शंभराच्या आसपास पोचली, पण पडद्याला स्वतःचा प्रकाश नसल्याने मंद उजेडात पांढरी रेघही मळकट दिसे. सोनीच्या पीएसपीने (जपानमध्ये २००४) ४.३ इंचांत ४८०×२७२ पिक्सेल दिले, घनता १२८. त्याच कंपनीच्या व्हिटाने (२०११) पाच इंचांत ९६०×५४४ देऊन ती २२० पर्यंत नेली. स्टीम डेकचा (२०२२) पडदा १२८०×८०० चा, सात इंचांचा, घनता २१६. स्विच २ (२०२५) मध्ये ७.९ इंचांत १९२०×१०८० पिक्सेल असून घनता २७९ आहे.

हे आकडे डोळ्याशी जोडले तरच अर्थपूर्ण ठरतात. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनाने विलग असलेले दोन ठिपके वेगळे ओळखतो. कन्सोल साधारण ३५ सेंटिमीटरवर धरला जातो. त्या अंतरावर एक कला म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि त्यावरून इंचाला सुमारे २५० पिक्सेल ही मर्यादा निघते. लहान मूल पडदा ३० सेंटिमीटरवर आणते तेव्हा हीच मर्यादा २९० वर जाते. पण ही मर्यादा ठिपक्यांची आहे, रेघेची नाही. तिरप्या रेघेतली पायरी डोळा एका कलेच्या कितीतरी लहान अंशापर्यंत टिपतो. सुटे पिक्सेल दिसेनासे झाल्यावरही तिरप्या कडेची करवत जाणवत राहते ती यामुळेच. वारली माणसाचे धड, झोपडीचे छप्पर, लग्नविधीत भिंतीवर काढायच्या चौकाची कंगोरेदार किनार हे सारे तिरप्या रेघांनीच घडते. तेव्हा २५० घनता छायाचित्राला पुरली तरी या चित्राला पुरत नाही. कडेचे पिक्सेल पांढऱ्या आणि गेरूच्या मधल्या रंगाचे करून पायरी मऊ करता येते, पण रेघच एका पिक्सेलची असली तर या उपायाने ती फिकी पडते. दोन पिक्सेल जाडीपासून पुढे तो नीट काम करतो.

जाळ्याचे चित्र याहून अवघड. तलासरी तालुक्यातल्या धामणगावात १९३४ मध्ये जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर आयुष्य घालवलेले जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांनी मासेमारीचे जाळे अनेकदा रंगवले. भिंतीवरचा लग्नविधीचा चौक सुवासिनींच्या हातचा असे. १९७०च्या दशकात म्हसे यांनी हे चित्र विधीच्या बाहेर, कागदावर आणि कापडावर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या जाळ्यात बारीक रेघांचे विणकाम चित्रभर पसरलेले असते. पडद्यावर एक धागा आणि शेजारची एक फट यांना निदान एकेक पिक्सेल हवा, म्हणजे आडव्या दिशेने ३०० धाग्यांच्या जाळ्याला किमान ६०० पिक्सेल. गेम बॉयवर ८० धागे मावतील, पीएसपीवर २४०, स्विचवर ६४०. यापेक्षा दाट जाळे नुसते लहान करून टाकले, तर पडद्यावर मूळ चित्रात नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. ते टाळायला चित्र आधी धूसर केले, तर जाळ्याच्या जागी राखाडी डाग उरतो. दोन्ही प्रकारांत म्हसे यांचे जाळे हरवते. अशा वेळी चित्रकारानेच कमी धाग्यांचे नवे जाळे त्या पडद्यासाठी काढणे योग्य. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तेव्हा हे काम डहाणू-तलासरीच्या चित्रकारांकडे जावे आणि त्याचे श्रेय व मोल त्यांना मिळावे.

पिक्सेलची घडणही रेघेत उतरते. नेहमीच्या एलसीडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. पांढऱ्या रेघेत तिन्ही पूर्ण उजळतात, तर गेरूच्या पृष्ठभागात मुख्यतः लाल. त्यामुळे उभ्या रेघेच्या एका कडेला मंद पट्ट्यांची काळसर फट राहते आणि दुसऱ्या कडेला लाल पट्टी थेट चिकटते. घनता वाढली की हा फरक डोळ्याच्या आवाक्याबाहेर जातो.

पडद्याचे रिझोल्यूशन आणि खेळ प्रत्यक्षात ज्यावर रेखाटला जातो ते रिझोल्यूशन एकच असेल असे नाही. १२८०×७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल आणि १९२०×१०८० म्हणजे २०,७३,६००, सव्वादोन पट. तेवढे काम दर सेकंदाला तीस किंवा साठ वेळा करताना बॅटरी झपाट्याने उतरते आणि यंत्र तापते, म्हणून अनेक खेळ कमी पिक्सेलांवर रेखाटून चित्र ताणतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला. स्विचसाठी खेळ करणाऱ्याला तोच खेळ हातात ७२० ओळींच्या पडद्यावर आणि टीव्हीला जोडल्यावर १०८० ओळींपर्यंत दाखवावा लागतो. अशा खेळातल्या रंगीत भिंतींचे तपशील या ताणात तग धरतात, पण वारलीसारखी एकेरी रेघ धरत नाही. ताणण्याचे प्रमाण पूर्णांकात असेल तरच रेघेची जाडी सगळीकडे सारखी राहते. अ‍ॅनालॉग पॉकेटचा (२०२१) १६००×१४४० चा पडदा दोन्ही दिशांना गेम बॉयच्या बरोबर दहापट आहे. तिथे जुन्या खेळातला एक पिक्सेल शंभर पिक्सेलांचा नेटका चौरस होतो.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हातातला खेळ बहुतेक मोबाइलवरच खेळला जातो. स्वस्त फोनचा ६.५ इंचांचा ७२०×१६०० चा पडदा २७० घनता देतो, म्हणजे स्विच लाइटच्या बरोबरीची. या घनतेवर दोन पिक्सेल जाडीची रेघ सुमारे ०.१९ मिलिमीटर भरते, आणि वारली आकृतीला कंबर, हात आणि हातातला तारपा मिळायला तेवढी पुरते.