डेव्हिड लो यांचा कुंचला आणि हिटलरचा राग

जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळताना आपण बातम्या, अग्रलेख उतरवून घेतो. व्यंगचित्र मात्र हसून उलटतो. माझ्या मते ही एका साधनाची हेळसांड आहे. दोन राष्ट्रांच्या तंट्यात व्यंगचित्र नुसतं साक्षीला नसतं, कधीकधी ते स्वतःच तक्रारीचा विषय होतं. डेव्हिड लो यांचंच उदाहरण घ्या.

लो मूळचे न्यूझीलंडचे. १९२७ पासून ते लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये चित्रं काढत. हिटलरला त्यांनी राक्षस नव्हे, फुशारकी मारणारा बावळट करून टाकलं. राक्षस म्हटलेलं हुकूमशहाला चालतं. हसलेलं चालत नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा ब्रिटिश वर्तमानपत्रांबद्दलचं गाऱ्हाणं त्यांच्या कानी घातलं गेलं. परतल्यावर त्यांनी लो यांची गाठ घेऊन हात जरा आखडता घ्यायला सुचवलं.

लो कबूल झाले खरे, पण त्यांनी हिटलर आणि मुसोलिनी एकत्र करून 'मझलर' नावाचं नवं पात्र काढलं. मझलर म्हणजे मुसकं बांधणारा! मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि लो पुन्हा मोकळे झाले.

त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र २० सप्टेंबर १९३९ चं. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना मुजरा करताहेत, तोंडाने शिव्या देताहेत, आणि मध्ये एक प्रेत पडलंय. महिन्याभरापूर्वीच दोघांनी अनाक्रमण करार केला होता. १ सप्टेंबरला जर्मनी आणि १७ ला रशिया पोलंडमध्ये घुसले होते. कराराच्या कलमांत जे सापडत नाही, ते या चित्रात आहे: दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा ते खरं ठरलं.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. म्हैसूरचे आर. के. लक्ष्मण लहानपणी 'हिंदू'मध्ये लो यांची चित्रं बघायचे आणि सही 'काऊ' अशी वाचायचे. बाळासाहेब ठाकरेही लो यांना मानत. 'मार्मिक'चे जुने अंक बघताना हा धागा लक्षात ठेवावा.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, की फाईल उतरवताना व्यंगचित्राची तारीख नोंदवा आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या तारांच्या बातम्या शेजारी ठेवा. कोणाला मोठं काढलंय, कोणाला बुटकं, कोण कडेला उभा आहे, तेही लिहा. सरकारी कागद राष्ट्रं काय बोलली ते सांगतात. लोकांना त्या बोलण्यावर किती विश्वास होता, ते बघायला मात्र चित्राकडेच यावं लागतं.