ब्रह्मपुरीचे रिकामे पात्र

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला अंबाबाईचे दर्शन घडवावे, रंकाळ्यावर फिरवावे आणि तांबडा-पांढरा खाऊ घालावा, असा आमचा शिरस्ता. माझ्या पाहुण्याच्या वाट्याला मात्र आणखी एक मुक्काम येतो, तो टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाचा. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची चिमुकली कांस्यमूर्ती या संग्रहालयाचे भूषण. तिच्याबरोबरच कांस्याचा एक रोमन जगही सापडला. लहानपणी वडिलांनी मला सांगितले होते, "रोमचे लोक यातून द्राक्षाची मदिरा ओतीत. ती आपल्या कोल्हापुरापर्यंत येत असे बरे!" हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षे प्रत्येक पाहुण्याला ऐकवीत आलो.

त्याला पहिला धक्का दिला माझ्या भाच्याने. तो नोकरीनिमित्त दक्षिण फ्रान्समध्ये असतो. नऊ वर्षांपूर्वी दिवाळीला आला, तेव्हा त्याने तांबड्या वाइनची एक बाटली माझ्या हाती ठेवली आणि म्हणाला, "मामा, ही आत्ता उघडायची नाही. तळघरात आडवी ठेवा, म्हणजे बूच ओले राहील. उजेड नको, हलवाहलव नको. मुरू द्या." मी नेहमीप्रमाणे ब्रह्मपुरीची कथा सुरू केली. ती संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "पण मामा, जग आला म्हणून वाइन आली, हे कशावरून?"

मला राग आला, हे कबूल करतो. उत्तर मात्र सुचले नाही. बाटली तळघरात लोणच्याच्या बरण्यांशेजारी गेली आणि मी पुस्तकांकडे वळलो.

पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. सातवाहनांच्या काळी तेथे नांदती वस्ती होती, हे त्यातून सिद्ध झाले. रोमशी व्यापार होता, यातही शंका नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य आहे. मुख्यतः इटलीचे, शिवाय लाओडिकियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी आणलेल्या वस्तूंत उंची मद्य वेगळे नोंदले आहे. त्याच पुस्तकात आपले पैठण आणि तेरही आहेत.

हे मद्य दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणांतून येई. रांजण पाझरू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. जुन्या मद्याचे रोमनांना मोठे वेड. इसवी सनापूर्वी 121 साली ओपिमियस हा कॉन्सल असताना झालेले मद्य इतके नावाजले, की जवळजवळ दोनशे वर्षांनीही त्यातले थोडे शिल्लक होते. ते मधासारखे दाट झाल्याचे प्लिनीने लिहून ठेवले आहे.

इथवर वाचून मला हुरूप आला. पण पुढे खड्डा होता. पश्चिम भारतात सापडलेली पुष्कळ खापरे पूर्वी रोमन रांजणांची समजली जात. अलीकडे रोबर्टा टोम्बर या विदुषीने ती पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली बरीच मेसोपोटेमियाच्या रांजणांची निघाली. मग आमच्या जगाचे काय? मातीचा रांजण मालासाठी प्रवास करतो. धातूचे भांडे स्वतःच माल असते. ते भेट म्हणून आले असेल, शोभेसाठी कुणी घेतले असेल, किंवा मोडीच्या भावाने एखाद्या तांबटाकडेही पोचले असेल. जग रोमचा, हे खरे. तो कोल्हापुरात आला, हेही खरे. त्यातून येथे कोणी काय प्याले, याविषयी जग काहीच बोलत नाही.

इकडे बाटली मुरत होती. ती बान्दोलची होती. प्रोव्हान्सच्या समुद्रकाठचा हा मुलूख. तेथल्या तांबड्या वाइनमध्ये निम्म्याहून कमी मुर्वेद्र द्राक्ष चालत नाही आणि ती किमान 18 महिने लाकडी पिंपात राहावी लागते. हे द्राक्ष जाड सालीचे, उशिरा पिकणारे, उन्हाचे भुकेले. कोवळेपणी त्याची वाइन कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते. वर्षे जातील तसा तुरटपणा विरघळतो. मूळ ते स्पेनचे. मुर्व्हिएद्रो गावावरून त्याला नाव मिळाले आणि त्या नावाचा अर्थ 'जुन्या भिंती'. हे गाव म्हणजेच सागुंतो. हॅनिबलने इसवी सनापूर्वी 219 साली त्याला वेढा घातला आणि त्यातून रोम व कार्थेज यांचे दुसरे युद्ध पेटले.

गेल्या दिवाळीत भाचा आला आणि बाटली वर काढली. तळाशी गाळ बसला होता. तो वर येऊ नये म्हणून ती हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि बाटलीच्या मानेमागे ज्योत धरून गाळ कुठवर आला ते पाहायचे, अशी रीत आहे. ज्योतीला दिवाळीत काय तोटा? पणती धरली. मी हौसेने पितळी तांब्या पुढे केला, तशी सौ. कडाडली, "कल्हई उडालीय त्याची! आंबट वस्तू कळकेल की!" मग काचेचे भांडे आले.

रंग कडेला विटकरी झाला होता. वास घेतला आणि मी थबकलो. नव्या कोऱ्या कोल्हापुरी पायताणाचा वास! मागोमाग मिरी, वाळलेले जांभूळ, पहिल्या पावसाची माती. तुरटपणा जिभेच्या कडेला तेवढा राहिला होता. भाचा म्हणाला, "छान आहे, पण वयाच्या मानाने लवकर म्हातारी झालीय. हिला 12-14 अंशांचा गारवा लागतो. आपलं तळघर कितीही गार म्हटलं तरी कोल्हापूरचा उन्हाळा झेललाय तिनं." नऊ वर्षे मी तिला जपले असे समजत होतो, प्रत्यक्षात तिचे आयुष्य घाईने सरत होते. मनात आले, तांड्यांबरोबर घाट चढून कोणी रांजण आणलाच असेल, तर इथल्या उन्हाने त्याचे काय केले असेल?

दिवाळीनंतर पाहुण्यांना घेऊन पुन्हा टाऊन हॉलमध्ये गेलो. भाचाही होता. मी सांकलियांचे उत्खनन सांगितले, भडोचची यादी सांगितली, रांजण आणि जग यांतला फरक सांगितला. कथा पूर्वीपेक्षा लांबली होती, तरी कोणी जांभई दिली नाही. शेवटी एका पोराने विचारले, "आजोबा, मग त्या जगात काय होतं?"

चाळीस वर्षांचे वाक्य ओठावर आले होते. ते गिळून म्हणालो, "ते मला ठाऊक नाही, बाळ."

भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि पोराला म्हणाला, "मोठा झालास की तू शोध."