मुंबई हायच्या जुन्या विहिरी

कर्वेनगरात बसून समुद्रातल्या तेलविहिरींवर बोलायचं, म्हणजे जरा गंमतच आहे. असो. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ला तेल लागलं आणि 1976 मध्ये मुंबई हायचं उत्पादन सुरू झालं.

आता अशा रिकाम्या होत चाललेल्या खडकात कार्बन डायऑक्साइड कोंडता येईल का, हे आपण विचारतोय. नॉर्वेने स्लाइप्नरला 1996 पासून ते करून दाखवलंय, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. पण तो थर खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्माचा, तेल काढलेला नव्हे. आपल्याकडे शेकडो विहिरी आधीच खोदलेल्या, त्याही तेलासाठी. हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल होतं. ते साधं पोलाद गंजवतं, सिमेंट पोखरतं. मुंबई हायचा मुख्य खडक तर चुनखडीचा, म्हणजे तोही आम्लात विरघळणारा!

नव्या विहिरीत गंज न धरणारं पोलाद घालता येईल. बुजवलेल्या विहिरीचं काय? म्हणून त्या काळच्या खोदकामाच्या नोंदी आम्ही इतिहासाचं अस्सल साधन मानतो. कुठल्या विहिरीत सिमेंट कुठवर चढलं, बूच किती खोलीवर बसवलं, हे इंजिनियरला आधी त्यांतच शोधावं लागेल.